कॅमेऱ्याच्या मागची जागा

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. उत्तरेच्या टोकाला गाडी जिल्ह्यात शिरते, वडशाला थांबते आणि चंद्रपूरच्या दिशेने निघून जाते. खाली अहेरीपर्यंत, त्याही पुढे भामरागड-सिरोंच्यापर्यंत, सागाची रानं, नद्या आणि एस.टी. अहेरीच्या माणसाला रेल्वे गाठायची तर आधी बल्लारशासारखं जिल्ह्याबाहेरचं स्टेशन गाठावं लागतं. अशा गावात बसून मी गेले काही दिवस मुंबईच्या लोकलमधल्या एका गोष्टीचा विचार करते आहे.

गोष्ट फराझ आरिफ अन्सारी यांच्या 'सिसक' या लघुपटाची. साल 2017. रात्रीची लोकल, दोन अनोळखी पुरुष, रोजची नजरानजर आणि हळूहळू त्या नजरेचं होत जाणारं प्रेम. सबंध चित्रपटात संवाद नाही. डब्याचा खडखडाट आहे, स्टेशनं येतात, माणसं चढतात-उतरतात, आणि त्या दोघांना जे म्हणायचं आहे ते शेवटपर्यंत ओठांवर येत नाही. समलिंगी प्रेमावरचा भारतातला पहिला मूक चित्रपट म्हणून त्याचं नाव झालं, देशोदेशीच्या महोत्सवांतून त्याने पुरस्कार आणले. फराझ स्वतःची ओळख नॉन-बायनरी अशी सांगतात: पुरुष आणि स्त्री या दोन खणांपैकी कुठल्याच एका खणात स्वतःला न बसवणारी व्यक्ती.

आमच्या इथल्या काही तरुण मुलामुलींशी मी या चित्रपटाबद्दल बोलले तेव्हा त्यांना सर्वांत आधी भावलं ते त्यातलं न बोलणं. त्याला कारण आहे. अहेरीच्या एका वर्गात बसलेल्या पोरांपैकी कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या घरी गोंडी, कुणी माडिया. मुलचेऱ्याकडून आलेलं एखादं लेकरू घरी बंगाली बोलतं. मराठी शाळेची आणि बाजाराची. हिंदी सिनेमा सगळे बघतात, पण त्यातलं निम्मं बोलणं शहराचं असतं, ते कानावरून जातं. संवादच नसलेला चित्रपट मात्र कुठल्याही घरात जसाच्या तसा पोचतो. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे माझ्या आजीलेही दाखवता येते." तिच्या आजीला मराठी येत नाही.

पण 'सिसक'मधली शांतता काही इतक्या सोयीसाठी आलेली नाही. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघाव्यात. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की, दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने ठेवलेल्या संबंधांना, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 लावता येणार नाही. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. चार वर्षं ज्यांनी श्वास मोकळा सोडला होता ते पुन्हा गुन्हेगार ठरले. मधे 15 एप्रिल 2014 रोजी त्याच न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. म्हणजे तू कोण आहेस हे तू सांग, पण कुणावर प्रेम करतोस ते सांगू नकोस, अशी ती विचित्र स्थिती. 377 चा फास सुटला तो 6 सप्टेंबर 2018 रोजी. 'सिसक' या मधल्या काळातला आहे. त्यातली दोन माणसं बोलत नाहीत, कारण बोलणं हीच तेव्हा कबुली ठरली असती. कायद्याने ज्यांचं तोंड दाबलं होतं त्यांच्या गोष्टीला दिग्दर्शकाने आवाज दिला नाही. दाबलेलं तोंड तसंच दाखवलं. पहिल्यावहिल्या चित्रपटात एवढी समज फार थोड्यांकडे असते. सुरुवातीला सगळ्यांनाच सगळं बोलून टाकायचं असतं.

आणि लोकल का, तर मुंबईत ज्यांना खोली नसते त्यांच्यासाठी लोकल हीच खोली. गर्दीतही तिथे माणूस एकटा असू शकतो. चालत्या गाडीत, रात्री, मोजक्या लोकांना घेऊन, गाजावाजा न करता चित्रण झालं. खर्चाला लोकवर्गणीचा हातभार लागला. लघुपटाचं मोठेपण मला यातच दिसतं. मोठ्या चित्रपटाला आधी कुणीतरी हो म्हणावं लागतं: निर्मात्याने, वितरकाने, नटाने, नटाच्या व्यवस्थापकाने. त्या रांगेत कुणीही बेताबेतानेच पुढे सरकतो. पण ज्याच्या चालण्या-बोलण्याकडे पाहूनच समोरचा गालात हसतो, त्या माणसाचा नंबर कधी लागतच नाही. लघुपटात ती रांगच नाही. दहा-पंधरा मिनिटांची गोष्ट, चार माणसं, एक कॅमेरा. कुणाला विचारायचं नाही.

आपल्याकडे सिनेमाच असा सुरू झाला, हे आपण विसरतो. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, 1912 साली, एक चिमुकली फिल्म केली होती. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरायचा, कॅमेरा समोर रोवायचा आणि रोज थोडं थोडं चित्रण करत राहायचं. पडद्यावर मिनिटभरात दाण्याला अंकुर फुटतो, वेल वर चढतो. 'अंकुराची वाढ' हे तिचं नाव. ती दाखवल्यावर यशवंतराव नाडकर्णींनी कर्ज दिलं, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, आणि मग 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळक्यांनासुद्धा आधी एक लघुपट हातात घेऊन जावं लागलं.

त्याच 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. सिनेमात काम करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांना मुंबईतल्या एका खाणावळीत हा सडपातळ, नाजूक हातांचा तरुण दिसला. पुढे 1917 च्या 'लंकादहन'मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. एकाच चित्रपटात, एकाच अंगाने. लोकांनी रामाला हात जोडले आणि सीतेलाही जोडले. फाळके 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकींना पडद्यावर घेऊन आले होते तरी साळुंक्यांची सीता लोकांना चालली, नुसती चालली नाही, लाडकी झाली. मला त्यांची पुढची वाटचाल जास्त महत्त्वाची वाटते. साळुंके नंतर छायाचित्रणाकडे वळले. ज्याला सगळे बघत होते तो कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिला आणि कुठे बघायचं ते ठरवू लागला. अण्णा साळुंके स्वतःला काय समजत होते, याची नोंद कुणी ठेवलेली नाही, आणि आजची ओळख मी त्यांच्यावर लादणार नाही. त्यांनी घेतलेली जागा तेवढी मला दिसते.

इकडे आमच्या झाडीपट्टीत तर रात्रीपुरती ही मुभा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दिवाळी झाली, धान घरात आलं की मंडई भरतात, शंकरपट होतात, आणि वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरू लागतात. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. इथले नाट्यकलावंत परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आलं. इथल्या माणसाला ते आधीपासून ठाऊक होतं. नाटक आलं त्याच्याही आधीपासून दंडार, खडी गंमत हे लोकनाट्यप्रकार आहेत. त्यात बाईचं काम पुरुष करत आला. आता नाटकांतून बायका काम करतात, नागपूरहून नट्या येतात, ते चांगलंच झालं. पण दंडारीत अजून कुठे कुठे जुना पुरुष पात्रधारी भेटतो.

असा एक म्हातारा मी जवळून पाहिला आहे. रंगायला बसला होता. पत्र्याच्या डबीत मुरदाडशिंग, शेजारी काजळाची कांडी, आरशाचा एक तुकडा ताटाला टेकवून ठेवलेला. गालावर रंग बसेपर्यंत तो कुणाशी बोलला नाही. मग लुगडं. नेसताना निऱ्या त्याने बोटांनी मोजल्या नाहीत. अंगठा आपोआप मागे-पुढे होत होता आणि निऱ्या पडत होत्या. पदर खांद्यावर आला तसा त्याच्या पाठीचा पोक गेला. मी विचारलं, बाई व्हायला काय काय लागतं? तो म्हणाला, "काई लागत नाई बाई. मानूस मंदात थांबला पायजे." मंदात म्हणजे सावकाशीत. त्याचं म्हणणं, पुरुष भराभर वळतो, भराभर उठतो. बाईचं काम करायचं तर अंगातली घाई काढून टाकायची.

त्या रात्री त्याच्या प्रवेशाला शिट्ट्या पडल्या, नोटा आल्या, बायकांनी डोळे पुसले. सकाळी तोच माणूस लुंगी नेसून पानठेल्यावर गेला तेव्हा एका पोराने मागून 'बायल्या' म्हणून हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. रात्री ज्याला ओवाळलं त्याला दिवसा हिणवायचं, यात गावाला काही विसंगत वाटत नव्हतं. आपल्या परंपरेचं कौतुक करताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला शक्य नाही. बालगंधर्वांचं, म्हणजे नारायण राजहंसांचं, नाव घ्यायचं, त्यांचे शालू आणि त्यांची लकब आठवायची, आणि आपल्या आळीतल्या हळव्या मुलाला मात्र चालणं सुधार म्हणून चापट मारायची, हे महाराष्ट्रात घराघरांत झालं आहे. सोंगाला आपण जागा दिली. माणसाला दिली नाही.

म्हणून मला फराझ यांच्या कारकिर्दीची सुरुवात एवढी मोलाची वाटते. नाटक, सिनेमा, तमाशा, दंडार, सगळीकडे वेगळं माणूस आलं ते दिसण्यासाठी. कधी देखणं म्हणून, कधी हसं म्हणून. हिंदी चित्रपटांनी तर हातवारे करणारा, लाडीक बोलणारा एक ठरावीक नमुना करून टाकला आणि वर्षानुवर्षं त्यावर टाळ्या घेतल्या. हे सगळं बाजूला सारायचं तर दुसरं कुणी चांगली भूमिका लिहून देईल म्हणून थांबून भागत नाही. लिहायचं आणि दाखवायचं आपणच. श्रीधर रंगायन यांनी 2003 साली 'गुलाबी आईना' केला तेव्हा सेन्सॉर बोर्डाने त्याला प्रमाणपत्र दिलं नाही. त्यांनी पुढे 2010 साली मुंबईत 'कशिश' महोत्सव उभा केला आणि असे चित्रपट जिथे लोकांसमोर लागू शकतील अशी एक जागा झाली. चित्रपट करणं हे अर्धं काम. तो लागणार कुठे, हे उरलेलं अर्धं. नव्या दिग्दर्शकाला पहिल्या चित्रपटानंतर हेच कोडं पडतं. थिएटरं लघुपट लावत नाहीत, वाहिन्या विकत घेत नाहीत. मग महोत्सवाला अर्ज, त्याचं शुल्क, उपशीर्षकं, पत्रव्यवहार, नकार, पुन्हा दुसरा महोत्सव. पुरस्काराच्या बातमीत एवढं सगळं मावत नाही.

मराठीत या वाटेने चालून दाखवणारे आहेत. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झालेला लघुपट. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि मग 'फँड्री', मग 'सैराट'. रोहन परशुराम कानवडे यांचं उदाहरण तर आमच्या विषयाच्या अगदी शेजारचं. वडील ड्रायव्हर, मुंबईतल्या वस्तीत एका खोलीचं घर, शिक्षण घरांच्या अंतर्गत सजावटीचं, सिनेमाची शाळा नाही. एकेक लघुपट करत ते शिकत गेले. 2019 च्या 'उ उषाचा'मध्ये शेतात मजुरी करणारी एकटी आई आहे. तिला लिहिता-वाचता येत नाही. शाळेतल्या बाईंकडे तिचं मन ओढ घेतं, आणि त्या ओढीने ती अक्षरं गिरवू लागते. शेतमजूर बाईच्या आयुष्यात असं काही असू शकतं, हे मराठी पडद्याला तोवर जवळजवळ सुचलंच नव्हतं. पुढे वडिलांच्या जाण्यानंतरच्या सुतकाच्या दिवसांतून त्यांनी 'साबर बोंडं' हा पूर्ण लांबीचा चित्रपट उभा केला. 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक त्याने घेतलं. गावाकडचं सुतक, नातेवाइकांची लग्नासाठीची टोचणी, आणि त्यात दोन पुरुषांचं प्रेम. कानवडे समलिंगी पुरुष आहेत, फराझ नॉन-बायनरी. दोन्ही ओळखी वेगळ्या, त्यांची सरमिसळ करू नये. पण दोघांनी दार उघडलं ते लघुपटाच्याच किल्लीने.

फराझ यांचा पुढचा लघुपट 'शीर कोरमा'. शबाना आझमी आई, दिव्या दत्ता आणि स्वरा भास्कर एकमेकांवर प्रेम करणारी जोडी. मुस्लिम घर, आणि त्या घरात नॉन-बायनरी लेकराला जागा आहे का, हा प्रश्न. कोविडने महोत्सव बंद पाडले, त्यात चित्रपटही अडकला. अखेर 2021 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फ्रेमलाइन' महोत्सवात प्रेक्षकांनी आपल्या पसंतीचा लघुपट म्हणून त्याला निवडलं. मला 'सिसक' अधिक आवडतो, हे मी सांगून टाकते. 'शीर कोरमा'तलं घर फार सुंदर आहे, प्रकाश फार सुंदर आहे, माणसं आपलं दुःख नीट वाक्यांत मांडतात. आमच्याकडची आई असं नीट बोलणार नाही. ती भांडी आपटेल, दोन दिवस जेवणार नाही, किंवा काहीच झालं नाही असं दाखवून विषय कायमचा गाडून टाकेल. तरीही त्या चित्रपटाने एक गोष्ट केली जी 'सिसक'ने केली नव्हती. लोकलमधल्या त्या दोघांना घर नव्हतंच. असेल तर ते पडद्याबाहेर होतं. इथे गोष्ट थेट आईच्या स्वयंपाकघरात गेली. प्रेम लपवणं ही पहिली गोष्ट, आणि घरी सांगणं ही दुसरी. दिग्दर्शक पहिल्यावर थांबले नाहीत.

हे सगळं मी दूरवरच्या कौतुकाने लिहीत नाही. माझ्या ओळखीचं एक लेकरू आहे, अहेरीच्याच परिसरातलं, एकोणीस-वीसचं. नाव, गाव सांगणार नाही. कधी जीन्स, कधी ओढणी, केस मानेपर्यंत. लहानपणापासून ऐकलेल्या हाकांची यादी त्याच्याकडे आहे, ती तो भाव न दाखवता सांगतो, मग कधी ती होऊन सांगते, आणि आम्हा दोघांनाही त्यात अडखळायला होत नाही. त्याला फिल्म करायची आहे. स्वतःवर नाही, हे त्याने मला आधीच बजावलं. "माझ्यावर केली का लोक मलेच पायतीन. मले दुसऱ्याईले दाखवाचं हाय." फोन आहे. आवाज नीट यावा म्हणून एका लग्नाच्या फोटोवाल्याकडून माईक मागून आणला. दृश्यांची जोडणी फोनवरच शिकलं. पावसात नेटवर्क गेलं की चार चार दिवस काम अडतं, मग ते वहीत एकेक दृश्य चौकोनात काढत बसतं. चौकोन मी पाहिले. माणसांचे चेहरे कुठेच नाहीत, हात आहेत. तेंदूची पानं खुडणारे, थप्पी लावणारे, दोरीने पुडा बांधणारे हात. पुड्यात सत्तर पानं असतात, ती मोजताना बोटं कशी धावतात, त्याचे ओळीने सहा चौकोन. मी विचारलं, संवाद? म्हणालं, नाही. मोजण्याचा आवाज पुरे.

हात आईचे हवेत. दुसऱ्या कुणाचे चालणार नाहीत, यावर ते अडून बसलं आहे. आई त्याच्याशी बोलते, जेवायला वाढते, अंगावरच्या ओढणीकडे पाहत नाही. फिल्मचं विचारल्यावर ती आधी हसली, मग म्हणाली लोक काय म्हणतील. माझ्याकडे निरोप आला की मॅडम, तुम्ही एकदा माझ्या मायसोबत बोला. मी गेले. चहा झाला. ती माझ्या वयाची बाई, हातांना पानांचा चीक लागून लागून बोटांची टोकं काळी पडलेली. मी फिल्मबद्दल सांगू लागले तशी ती म्हणाली, "हातच दिसनार ना? तोंड नाई?" मी हो म्हटलं. ती थोडा वेळ आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिली. मग लेकराकडे वळून म्हणाली, फळीवर, पुडे मोजून घेतात तिथे, गर्दी राहते, तेव्हा मला टोकायचं नाही. चित्रण करायचं तर पहाटे रानात चल, आणि चलशील तर रिकामा नको येऊ, एक टोपली तूही घे.